सातवी रेघ

त्या सकाळी गाडीत वीस जीव होते. पुढं दोघं, भिवाजी आणि त्याची बायको राहीबाई. मागं हौद्यात कापूस वेचायला निघालेल्या सतरा बाया, आणि त्यांतल्या एकीच्या पोटाशी बांधलेलं आठ महिन्यांचं लेकरू. सतरा शिदोऱ्या. वेचणीची सतरा फडकी. पाण्याचे दोन कॅन. राहीबाईच्या पायांखाली सागाची एक पाचर, हातभर लांब, चढावर चाकामागं घालायची. आणि तिच्या पुढ्यात, खणाच्या मुठीला तारेनं आवळलेला एक गोल काटा.

काटा वाटीएवढा. शून्यापासून चारपर्यंत आकडे आणि दर दोन आकड्यांमधे दहा बारीक रेघा. टाकीतून इंजिनाकडं डिझेल किती जोरानं जातं, ते तो सांगायचा. त्याची रबरी नळी पायाखालच्या भोकातून वर आली होती. जोडाशी थेंब धरायचा आणि राहीबाईच्या लुगड्यावर पडायचा. नळी तेवढीच लांब असल्यामुळं भिवाजीच्या जागेवरून काच दिसत नसे. म्हणून राहीबाई पुढं बसायची. चौथीपर्यंत शिकलेली होती, आणि शून्यापासून रेघा मोजून सांगायला तेवढं पुरत होतं.

“किती?” भिवाजीनं विचारलं.

“चवदा.”

बोरधरा गाव मागं पडलं. डिसेंबर अर्धा सरला होता. ज्वारीच्या ताटांवर दव इतकं जड, की कणसं माना टाकून उभी होती. काचेवर आतून बाष्प धरत होतं, ते भिवाजी बाहीनं पुसत होता. मागं बाया एकमेकींना चिकटून, डोक्यावरून फडकी ओढून बसल्या होत्या. त्यांतला एक खोकला राहीबाईला हजारात ओळखू आला असता. तो तिच्या सासूचा, बयनाबाईचा.

“तेरा,” ती म्हणाली. मग शाळेपाशी, “बारा.”

भिवाजीनं स्टेरिंगवरचा एक हात काढून मांडीवर पुसला. एवढ्या थंडीतही त्याचा तळवा ओला होत होता.

“नीट पाह्य.”

“नीटच पाहून राह्यली न मी.”

“तिरपं बसून काच पाह्यली तं एखादी रेघ इकडची तिकडं दिसते. समोरून पाह्य.”

ती वाकली. डिझेलचा वास नाकात गेला आणि कपाळात ठोका पडला. समोरून पाहिलं तरी बाराच. नाल्याच्या पुलावर अकरा. घाटाच्या पायथ्याशी दहा.

पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड होता. घाटोबा. वर जाणारी बैलगाडी असो की लाकडाची लॉरी, त्याच्यापुढं दोन मिनिटं थांबल्याशिवाय कोणी चढ धरत नसे. भिवाजीचं घर बौद्ध. तो आणि त्याची आई हात जोडत नसत. पण बायांसाठी गाडी थांबायची. त्यांतल्या देवकाबाईनं ओच्यातली चिमूटभर ज्वारी डाव्या हातानं दगडावर टाकली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमधे होता.

तेवढ्या वेळात भिवाजी खाली उतरला. त्यानं टाकीचं टोपण फिरवून काढलं, आत काडी बुडवली, ओल कुठपर्यंत आली ते पाहिलं, टोपण घट्ट लावलं आणि परत येऊन बसला.

“अर्ध्याच्या वर हाय. किती?”

राहीबाईनं पाहिलं. “चवदा.”

घाट चार किलोमीटरचा, सात वळणांचा. ती दर वळणाला आकडा सांगत गेली. चवदा, चवदा, तेरा. माथ्यावरही तेराच. मागून देवकाबाईनं केबिनच्या पत्र्यावर मूठ आपटली.

“पाह्यलं काय रे भिवाजी? देवानं आयकलं आमचं! तुह्या काडीनं नाई!”

बाया हसल्या. भिवाजी हसला नाही. राहीबाईनं मुठीत धरलेलं लुगडं सोडलं, तेव्हा बोटं सरळ व्हायला वेळ लागला.

देवकाबाईचं मनगट पंधरा दिवसांपूर्वी मोडलं होतं. त्या दिवशी निघायला उशीर झाला, म्हणून बायांनीच घाटोबाला गाडीतूनच हात जोडू म्हटलं, आणि भिवाजीनं न थांबता चढ धरला. तिसऱ्या वळणावर इंजीन दोनदा गुदमरलं आणि बंद पडलं. इंजीन गेलं की या गाडीचा ब्रेकही जायचा. भिवाजी पेडलवर उभा राहिला, तरी ते दगडासारखं घट्ट. गाडी मागं सरकू लागली. हातब्रेक ओढला, तो नुसता करकरला. देवकाबाईनं उडी मारली. बाकीच्या किंचाळत एकमेकींवर कोसळल्या. मागचं चाक सागाच्या एका मुळावर चढलं आणि थांबलं. मुळाच्या पलीकडं चार हातांवर कडा होता.

गाडी किती मागं आली, ते राहीबाईनं दुसऱ्या दिवशी पावलांनी मोजलं. एकवीस पावलं.

आसिफाबादच्या सत्तार मिस्त्रीनं फिल्टर बदलला, पंप उघडून पुसला, हातब्रेकची तार आवळली आणि हा काटा बसवून दिला. “दस के नीचे आया तो होशियार,” तो भिवाजीला म्हणाला. “सात के नीचे आया तो समझो गाडी गई.”

सातव्या रेघेवर राहीबाईनं काचेला कुंकवाचा ठिपका लावला. तो वाळून पडे, ती रोज नवा लावी.

घाटावरच्या पठारावर वामनरावांचा चाळीस एकर कापूस फुटून पांढराशुभ्र झाला होता. दवानं भिजलेला कापूस वेचायचा नसतो, म्हणून बाया ऊन वर येईपर्यंत बांधावर शेकत बसत. मग ओळी धरत. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटत. देवकाबाई एका हातानं वेचायची. प्लास्टरच्या हातानं झाड दाबून धरायचं आणि डाव्या हाताची चार बोटं बोंडात घालायची. सगळ्यांची ओळ पुढं जायची, ती अर्ध्यावर.

राहीबाई तिच्या शेजारची ओळ धरायची आणि जाता जाता तिच्या झाडांची दोन बोंडं वेचून तिच्या फडक्यात टाकायची.

“नवऱ्यानं मनगट घेतलं,” देवकाबाई मान वर न करता म्हणाली, “अन् बायको बोंडं देऊन राह्यली.”

“मामी, मी काय बोलू आता?”

“काई नको बोलू. त्या घड्याळात टाईम पाह्य गाडी कवा पडते थो.”

बयनाबाई दोन ओळी पलीकडं होती. तिनं ऐकलं. तिनं फडक्याची गाठ सोडून उगीच पुन्हा बांधली.

दुपारी भिवाजी वेचलेल्या कापसाची बोंदरी, मोठाली गाठोडी, भरून खाली जिनिंगवर न्यायचा आणि रिकामी गाडी घेऊन संध्याकाळी बायांना न्यायला परत वर यायचा. काटा वाचायला राहीबाईला बरोबर जावं लागे. जिनिंगच्या आवारात हवाच दिसायची. रुईचे तंतू ऊन खात तरंगायचे, भुवयांवर बसायचे, पाण्याच्या मडक्यावर साय धरायची. आणि येताना तोच रस्ता, तीच शाळा, तोच पूल. घाटोबापाशी दुपारी बाया नसायच्या, तेव्हा भिवाजी थांबायचाही नाही.

“किती?”

“चवदा.” पुलावर, “चवदा.” माथ्यावर, “चवदा.”

चौथ्या दिवशी तिनं खिळा घेतला आणि दाराच्या आतल्या पत्र्यावर ओरखडे काढले. वरच्या ओळीत सकाळचे, खालच्या ओळीत दुपारचे. पुढच्या सहा दिवसांत वरची ओळ दर वेळी उतरत गेली होती. खालची एकदाही उतरली नव्हती.

“अवो, आयकता काय? सकायीच घसरते हा. दुपारी नाई.”

“सकायी वजन असते.”

“शाळेपाशी कुठी वजन लागते? थितं तं सपाटच हाय. तरी दोन रेघा जाते.”

“मंग थंडीनं.”

“थंडीनं तं मंग घाटातबी घसरला पायजे. देवापाशी थांबलो की चवदा काऊन होते?”

भिवाजीनं तिच्याकडं पाहिलं. तिला वाटलं आता तो ओरडेल. तो हळूच म्हणाला, “तूबी आता देवाचं म्हणून राह्यली काय?”

“मी देवाचं नाई म्हणत. मी जे दिसते थे सांगतो.”

दुसऱ्या दिवशी जिनिंगवरून तो गाडी तशीच आसिफाबादला घेऊन गेला. भर दुपारची वेळ. सत्तार मिस्त्री शेजारी बसला, राहीबाईला मागं हौद्यात बसायला सांगितलं. गाडी अर्धा तास फिरली. मिस्त्रीनं चढावर नेली, दाबली, थांबवली, पुन्हा दाबली. मग उतरला आणि हात पुसले.

“चौदा. सुई हिलती भी नहीं. गाडी को कुछ नहीं हुआ, अम्मा.” त्याची नजर दाराच्या ओरखड्यांवर गेली. “ये क्या? दूध का हिसाब?”

गॅरेजातले तिघे-चौघे हसले. भिवाजीही थोडा हसला, कारण मिस्त्रीच्या गॅरेजात उभं राहून न हसणं त्याला जमलं नाही. राहीबाई हौद्यातून उतरत होती. रुई लागलेल्या केसांवरून तिनं पदर पुढं ओढला आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. गावापर्यंत तिनं आकडा सांगितला नाही. त्यानं विचारलाही नाही.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी थंडी वाढली. सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घातला तर हाडापर्यंत कळ गेली. भिवाजीनं आदल्या संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवली होती. भीती वाटली की तो टाकी भरायचा.

शाळेपाशीच काटा अकरावर आला.

“अकरा,” ती म्हणाली.

पुलावर नऊ.

“नऊ! अवो, नऊ!”

“घाटोबापाशी थांबतो न. पाह्यतो.”

पण मोहाच्या झाडाखाली पोलिसांची जीप उभी होती. मालाच्या गाडीत माणसं नेणं मना. एक शिपाई जीपला टेकून दात घासत होता. भिवाजीनं पाय उचलला, मग पुन्हा दाबला. शिपायानं मान वळवायच्या आत गाडी झाडापुढून गेली आणि चढाला लागली. मागून देवकाबाई ओरडली, “अरे थांबव! भिवाजी! देव मांगं राह्यला!”

“आठ,” राहीबाई म्हणाली.

पहिलं वळण. या चढावर थांबायला जागा नव्हती. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला मोकळं. थांबायचं ते वर, पाचव्या वळणाच्या पुढं, जिथं रस्ता रुंद होतो.

“किती?”

“आठच.” मग लगेच, “नाई, साडेसात.”

दुसरं वळण. काटा थरथरत होता. कुंकवाच्या ठिपक्यावर त्याचं टोक आलं आणि ठिपका झाकून गेला. खालून कुठून तरी पत्रा आत दबल्यासारखा आवाज आला. ठण्ण. मागं एक बाई किंचाळली, लेकरू रडायला लागलं.

“सात गेलं! सहा!”

इंजीन गुदमरलं. एकदा, मग पुन्हा.

राहीबाईनं विचार केला नाही. पाचर उचलली, दार ढकललं आणि खाली उडी घेतली. गुडघा खडीवर फुटला. गाडी अजून पुढं जात होती, मग जाईना, मग क्षणभर जागच्या जागी लटकल्यासारखी राहिली. इंजिनाचा आवाज थांबला. आणि मागचं चाक, इतका वेळ जे तिच्यापासून दूर जात होतं, ते तिच्याकडं यायला लागलं. हळू. अगदी सावकाश. तिनं पाचर चाकामागं घातली. चाकानं ती ढकलली. पाचर खडीवरून खरखरत सरकली, एक हात, दोन हात. राहीबाई बसल्या बसल्या मागं सरत होती आणि दोन्ही तळव्यांनी पाचर दाबून धरत होती. मग लाकूड डांबरातल्या एका खड्ड्यात अडकलं. चाक त्यावर अर्धं चढलं आणि राहिलं.

“उतरा!” ती ओरडली. “आत्याबाई! डोंगराकडून उतरा! लेकरू द्या आधी!”

बाया उतरल्या. कोणी रडत होतं, कोणी घाटोबाची करुणा भाकत होतं. बयनाबाई सगळ्यांत शेवटी उतरली, कारण तिचे गुडघे वाकत नव्हते. देवकाबाईनं तिला डाव्या हातानं आधार दिला आणि म्हणाली, “तुह्या लेकानं आज सतरा तिरड्या बांधल्या असत्या, बयना.”

भिवाजीनं चाकांमागं दगड लावले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. दुसरं काही सुचेना, म्हणून तो टाकीकडं गेला आणि टोपण फिरवू लागला. ते फिरेना. त्यानं लुगड्याचं टोक मागितलं. राहीबाई लंगडत आली, पदर टोपणावर टाकला आणि दोघांनी जोर लावला.

टोपण सुटलं तसा आवाज झाला. सूं. लांब, आत ओढून घेणारा. पदराचं टोक टाकीच्या तोंडाशी खेचलं गेलं आणि तिथंच चिकटून राहिलं. मग ठण्ण करून टाकीचा पत्रा पुन्हा बाहेर आला आणि पदर सुटला.

दोघंही पदराकडं पाहत होते.

“चालू करा,” ती म्हणाली.

“आँ?”

“दगड लावले न? नुसतं चालू करा. मी पाह्यतो.”

इंजीन दोन फेऱ्यांत लागलं. राहीबाईनं दारातून वाकून पाहिलं. चौदा.

“टोपण उघडं हाय,” ती म्हणाली. मग परत येऊन तिनं त्याच्या हातातून टोपण घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. मधोमध, ज्वारीच्या दाण्याएवढ्या खळग्यात, काही तरी पिवळं बसलेलं होतं. तिनं नख लावलं. नख वाकलं, ते हललं नाही.

“हे काय होय?”

भिवाजीनं नजर टोपणावरून काढली.

“अवो, काय होय हे?”

“मेण. मोहळाचं.”

“इथं भोक होतं काय?”

“होतं एवढंसं. पह्यल्या मालकानं कुलपाची तार घालाले पाडलं असन म्हटलं.” तो बायांकडं पाठ करून उभा होता. “जिनिंगवर रुई उडते. मांगल्या साली रुईनंच फिल्टर चोंदला होता. म्हणून बुजवलं. रोज संध्याकायी डिझेल टाकलं की अंगठ्यानं दाबून बसवतो, निंगाले नाई पायजे म्हणून.”

“दुपारी उन्हानं हे मऊ होत असन.”

“हो.”

“सकायी दगडावानी.”

तो टोपणाकडंच पाहत राहिला. “डिझेल खाली जाते, वरून हवा याले जागाच नाई,” तो म्हणाला. “गळ्यापर्यंत भरली तं आनखी लवकर आवळते. मी काडी घालाले टोपण उघडो, थेवढ्यानं चालत होती. मीच. रोज मीच आपल्या हातानं.”

राहीबाईनं रस्त्याकडेच्या बाभळीचा काटा मोडून आणला आणि भोक मोकळं केलं. मेणाचे तुकडे तिच्या तळव्यावरच्या रक्तात चिकटले. मग तिनं टोपणाला तोंड लावून फुंकलं. पलीकडं धरलेल्या बोटाला हवा लागली. वरून रुई जाऊ नये म्हणून तिनं फडक्याची एक पट्टी फाडून त्यावर सैल बांधली आणि पुन्हा फुंकून पाहिलं.

बायांना तिनं सांगितलं. काहींना कळलं, काहींनी मान हलवली. देवकाबाई म्हणाली, “मेण असो नाई तं शेण. घाट आता आमी पायानं चढू.”

दुसऱ्या दिवसापासून बाया घाटोबापाशी उतरू लागल्या. चार किलोमीटर चढ, सव्वा तास. गाडी रिकामी पुढं जायची, आणि राहीबाई पुढं बसून आकडा वाचायची. पहिल्या दोन्ही सकाळी टोपण उघडलं नाही, आणि काटा पायथ्यापासून माथ्यापर्यंत चौदावरून हलला नाही. तरी ती रेघा दोनदा मोजायची. गाडी रिकामी होती, आणि रिकाम्या गाडीवर तिचा विश्वास नव्हता. तळव्यांवर खपल्या धरल्या होत्या. मूठ वळली की त्या फुटायच्या.

वामनराव बांधावर उभे राहून बायांची वाट पाहायचे. दुसऱ्या दिवशी ते भिवाजीला म्हणाले, “कापूस झाडावर लोंबून राह्यला बापा. उद्या टायमावर माणसं वर आली नाई, तं मी जैनूरकडची टोळी आणतो. मंग माह्यावर रुसू नका.”

रात्री बयनाबाई गुडघ्यांना एरंडीचं तेल चोळत होती.

तिसरी सकाळ त्या हिवाळ्यातली सगळ्यांत थंड होती. टाकी आदल्या संध्याकाळी गळ्यापर्यंत भरलेली. घाटोबापाशी गाडी थांबली. बाया एकेक करून उतरल्या, दगडापुढं गेल्या, हात जोडले आणि फडकी डोक्याला गुंडाळली. बयनाबाई हौद्यातच बसून होती.

“आई, उतर.” भिवाजी खिडकीतून म्हणाला.

“नाई उतरत.”

“आई.”

“काल चढून गुडघे माह्ये सुजले. आज चढलो तं वेचाले बसताच येनार नाई. तू चाल.”

“आई, उगीच...”

“उगीच नाई. राही म्हणते भोक मोकयं हाय, तं हाय. मले वाचता येत नाई, तिले येते.”

राहीबाईला म्हणायचं होतं, माझ्यावर नका टाकू, आत्याबाई.

देवकाबाई दगडापाशी उभी होती. तिनं बयनाबाईकडं पाहिलं, घाटाकडं पाहिलं, मग थुंकली.

“ही म्हातारी गाडीत बसनार, अन् मी चालू काऊन? मांगून म्हणन, देवका भेली.” ती फाळक्याशी आली. “वढ व मले. एका हातानं चढता येत नाई.”

बयनाबाईनं तिला वर ओढलं. मग दोघी चढल्या, मग तिघी. लेकुरवाळी सगळ्यांत शेवटी चढली. आधी तिनं राहीबाईच्या खिडकीशी येऊन विचारलं, “चढू न, वहिनी?”

राहीबाईनं काट्याकडं पाहिलं. थंडीनं एक रेघ कमी, पण गावातून निघाल्यापासून तेराच. शाळेपाशी तेरा. पुलावर तेरा.

“चढ,” ती म्हणाली. “डोंगराच्या बाजूनं बस.”

भिवाजीनं दाराच्या मुठीवर हात ठेवला. काडी त्याच्या पायाशी पडलेली होती.

“उघडून पाह्यतो एकडाव.”

“नाई.”

“नुसतं डिझेल...”

“भरलेलंच हाय. उघडलं तं मंग समजनारच नाई.”

त्यानं हात काढून घेतला. स्टेरिंगवर ठेवला, मांडीवर पुसला, पुन्हा ठेवला. गाडी चढाला लागली.

पहिलं वळण. “तेरा.”

दुसऱ्या वळणावर डांबरात पाचरेचा ओरखडा अजून पांढरा दिसत होता. राहीबाईनं पाचर मांडीवर घेतली आणि दाराची कडी आधीच उघडून ठेवली. “तेरा.”

तिसरं. सागाचं मूळ खाली गेलं. “तेरा.”

चौथ्यावर समोरून लाकडाची लॉरी आली. घाटात चढणाऱ्यानं थांबायचं नसतं, पण लॉरी रस्त्याच्या मधोमध होती. भिवाजीनं गाडी डोंगराला घासून उभी केली. चढ इतका, की राहीबाईला फक्त आभाळ दिसत होतं. लॉरी इंच इंच सरकत बाजूनं गेली. तिच्या साखळ्या हौद्याच्या फळीला लागून वाजल्या. इंजीन एकाच लयीत धडधडत होतं. राहीबाई काट्यावरची नजर काढत नव्हती. डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी मिटत नव्हती.

“किती?” त्याचा आवाज फाटला. “राही, किती?”

“तेरा. चाला.”

क्लच सुटताना गाडी वीतभर मागं आली. मग चाकांनी खडी धरली.

पाचवं. सहावं. सातवं.

माथ्यावर ऊन आलं होतं. भिवाजीनं सपाटीला गाडी उभी केली, इंजीन चालूच ठेवलं आणि मान स्टेरिंगवर टेकवली. राहीबाईनं काच पदरानं पुसली, समोर वाकली आणि रेघा शून्यापासून एकेक करून मोजल्या.

तेरा.